पयले खुरं पाहा

वर्ध्यात स्पोर्ट्‌स कार घ्यायला कोणाची हरकत नाही. फक्त घेतल्यावर तिच्यात पहिलं काय बदलायचं, हे पानठेल्यावर उभं राहून मोठ्यानं विचारू नये, एवढं पथ्य आहे. माझ्या भाच्यानं ते पाळलं नाही.

पोट्टा बुटीबोरीला कंपनीत आहे. रोज वर्ध्याहून जाणं-येणं, चौपदरी गुळगुळीत रस्ता, आणि उजव्या बाजूनं कोणी ना कोणी सूंकन पुढे जाणारं. अशानं पंचविशीतल्या माणसाच्या मनात काय शिजत असतं ते वेगळं सांगायला नको. शेवटी त्यानं पुण्याहून एक गाडी उचलली. रंग लाल, इंजिन हजार सीसीचं टर्बो पेट्रोल, ताकद 110 हॉर्सपॉवर, साल 2020. दारं चार आणि छप्पर न उघडणारं, त्यामुळे इटलीतला माणूस हिला स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही, हे मलाही कळतं. पण पहिल्या दिवशी ती आर्वी नाक्यावरून वळली तेव्हा टपरीवरचे लोक चहा फुंकायचे थांबले, आणि आमच्या जिल्ह्यात तेवढं पुरतं.

घरात पहिली शंका काढली माझ्या बहिणीनं. इंजिन तीन सिलिंडरचं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “तीन काऊन? आपल्या नावावर तं दोनच हायेत.”

भाच्याची तयारी मात्र जय्यत होती. त्यानं रात्र-रात्र व्हिडिओ पाहून एक यादी केली होती. स्टेज वन, स्टेज टू, डाउनपाइप, कॉइलओव्हर, कोल्ड एअर इंटेक. ही नावं तो जेवताना इतक्या सहजपणे घ्यायचा की आबाजींना, म्हणजे त्याच्या आजोबांना, वाटलं पोरानं मुलगी पाहिली आहे आणि ही तिच्या घरची माणसं आहेत.

त्यातलं कोल्ड एअर इंटेक हे प्रकरण मला फार आवडलं. कल्पना रास्त आहे. हवा जितकी थंड तितकी दाट. दाट हवेत प्राणवायू जास्त. प्राणवायू जास्त तर इंधन जास्त जाळता येतं. त्यासाठी एक चकचकीत नळी आणि शंकूसारखा उघडा फिल्टर विकत मिळतो. इंजिनाच्या धगीपासून दूर तोंड काढून तो बाहेरची थंड हवा आत घेतो. जर्मनीत हे ठीक आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45-46 वर जातो. इथे बाहेरची थंड हवा आणायची कोणाच्या घरून? 25 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सहा-सात टक्के विरळ असते. टर्बो ती कसर भरून काढायला जातो, तर हवा दाबल्यानं आणखी तापते. मग तिला निववायला इंटरकूलर, आणि त्या इंटरकूलरला वारा घालायला पुन्हा तीच बाहेरची झळ.

पानठेल्यावर यावर चर्चा झाली. एकानं उपाय काढला की पुढच्या जाळीवर वाळ्याची ताटी बसवायची आणि वरून थेंब-थेंब पाणी सोडायचं. सगळे हसले. मला मात्र ती सूचना त्या संध्याकाळची सर्वांत शास्त्रशुद्ध सूचना वाटली, कारण सुबारू आणि मित्सुबिशीच्या रॅलीतून आलेल्या गाड्यांना इंटरकूलरवर पाणी फवारायची सोय कंपनीच देत असे. जपान्यांनी बटण बसवलं, आम्ही दर एप्रिलात खिडकीत कूलर बसवतो. भाच्यानं या मुद्द्यावर मौन पाळलं. व्हिडिओत वाळा नव्हता.

इंधनाचं म्हणाल तर तिथलं मॉडिफिकेशन सरकारनं आधीच करून ठेवलंय. पंपावर आता मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. वर्धा हा गांधीजींचा जिल्हा, इथे पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. माणसानं घ्यायची झाली तर नदीपलीकडे जावं लागतं, असं म्हणतात. गाडी मात्र भर चौकात, दिवसाढवळ्या, रांगेत उभी राहून टाकी तुडुंब भरून घेते आणि वर पावतीही मागते. परिणाम व्हायचे तेच होतात. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला, म्हणून इंजिन नॉकिंग न करता जोर सहन करतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज घसरतं. ताव वाढला आणि कमाई घटली, हे लक्षण पंपावरच्या म्हाताऱ्या माणसांनी लगेच ओळखलं.

पानठेल्याचं एकमत झालं ते सायलेंसरवर. “गाडी स्पोर्ट्‌स हाये हे लोकायले कसं समजन?” असा रोकडा सवाल होता. सायलेंसर काढून सरळ पाइप टाकला की आवाज इंगोले चौकातून बजाज चौकापर्यंत ऐकू जातो. ताकद वाढते का? या एवढ्याशा इंजिनाची वाढली तरी मुंगीएवढी. पण आवाज वाढला की चालवणाऱ्याला ताकद वाढल्यासारखी वाटते, आणि मॉडिफिकेशनच्या धंद्यातला निम्मा नफा या वाटण्यावरच उभा आहे, असं माझं मत आहे. बुलेटवाल्या पोरांचे असले सायलेंसर पोलीस काढून घेतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि त्यावरून रोडरोलर फिरवतात, हे आपण महाराष्ट्रभर पाहिलंय. रोडरोलरला मॉडिफिकेशन लागत नाही.

कायदा मी मुद्दाम वाचून काढला, कारण या घरात मामाचं काम तेच असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करायचा नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड ठरला तो सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये, किंवा दोन्ही. खरी मजा पुढे आहे. 5,000 रुपये सरसकट नाहीत, प्रत्येक बदलामागे आहेत. म्हणजे भाच्याच्या यादीशेजारी मी दंडाचा रकाना आखला तेव्हा स्टेज टूपर्यंत पोचता-पोचता पोराची एक चांगली सेकंडहँड मोटारसायकल होत होती.

तरी त्याचा जीव कॉइलओव्हरमध्ये अडकलेला. या स्प्रिंगा बसवल्या की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते, गुरुत्वमध्य उतरतो, वळणावर ती लोळत नाही. वर्ध्यात वळणं आहेत कुठे, हा प्रश्न मी विचारला नाही. गतिरोधकांचा विचारला. इंडियन रोड्‌स काँग्रेसचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. त्याची पाठ इतकी सावकाश चढते-उतरते की ताशी 25 किलोमीटरनं गाडी अलगद पलीकडे जावी. हा गतिरोधक पुस्तकात असतो. आमच्याकडचा गतिरोधक एखाद्या गावात कोणाची शेळी गेली की त्याच रात्री जन्माला येतो. त्याची रुंदी एका घमेल्याएवढी असते आणि उंची गावाच्या रागाएवढी. गाडीच्या पोटाखाली कंपनीनं सोडलेली जागा सोळा-सतरा सेंटिमीटर. त्यातून चार वजा करा, मागच्या सीटवर भाच्याची आई, मावशी आणि दोन गोरसपाकचे डबे ठेवा, आणि मग देवळी रोडला लागा. पोट घासल्याचा आवाज सायलेंसरपेक्षा दूर जातो.

घरच्यांची स्वतःची एक यादी होती आणि ती त्यांनी कोणताही व्हिडिओ न पाहता केली होती. बहिणीला हवे होते मडफ्लॅप, सीट कव्हर आणि मागच्या काचेवर रेडियममध्ये कुलदैवताचं नाव. भाऊजींना काचांना काळी फिल्म हवी होती. वर्ध्याच्या उन्हात ही मागणी सर्वांत न्याय्य, पण 2012 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. शिवाय पुढे लोखंडी गार्ड, कारण जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, शेतात रानडुकरं आहेत, आणि रात्री रोही, म्हणजे नीलगाय, कोणत्या बांधावरून रस्त्यावर उडी घेईल याचा नेम नसतो. गार्डलाही केंद्राची मनाई आहे, म्हटल्यावर भाऊजी भडकले. “म्हंजे रोह्यानं गाडीले मारलं तं चालते, गाडीनं रोह्याले नाई?” मला उत्तर सुचलं नाही. गार्ड असला की धडकेचा सगळा जोर चेसीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो, हे मी सांगितलं, पण रोह्याच्या न्यायाचा मुद्दा तसाच राहिला.

मावशीनं विचारलं, वरती कॅरियर बसते का. तुरीचे कट्टे आणायचे होते.

आता आबाजींकडे येतो. आबाजी म्हणजे शंकरपटाचा माणूस. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो की विदर्भात बैलजोडीच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, हलक्या छकड्याला जोडी जुंपतात आणि हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर त्यासाठी नावाजलेलं. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. आणि बैलांची जात आमच्या घरचीच, गवळाऊ. पांढरी, काटक, चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान झपाट्यानं हलवायला ही जात जोपासली गेली असं मानतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. थोडक्यात, ज्या काळात स्टुटगार्टला मोटारीचा पत्ता नव्हता त्या काळापासून या जिल्ह्यात परफॉर्मन्स हा घरगुती विषय आहे.

भाच्यानं कुरकुर केली की बदल करायला कायदा आडवा येतो. आबाजी म्हणाले, “तुया गाडीले एक कलम लागलं तं रडून राह्यला. माह्या बैलायले सात वर्षं कोर्टात उभं ठेवलं.” ते खरंच आहे. मे 2014 मध्ये शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. नियम मात्र आले. काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, उत्तेजक औषध नाही. स्टेज टू तिथेही बंदच.

मग ते उठून गाडीकडे गेले. बॉनेट उघडायला भाचा धावला, त्यांनी हातानंच थांबवलं. खाली बसले आणि टायरच्या कडेला अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतेना. “पयले खुरं पाहाव लागते बे,” ते म्हणाले. “हा तं दगड झाला.”

भाचा म्हणाला, नक्षी पूर्ण शिल्लक आहे, पहिल्या मालकानं गाडी फिरवलीच नव्हती. नक्षी होतीच. मीही वाकून पाहिलं. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत जी वंशावळ कोरलेली असते ती आपण सहसा वाचत नाही: 195/55 आर 16, पुढे व्ही, आणि एका लंबगोलात चार आकडे, 3420. म्हणजे 2020 सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. रबर वापरानं झिजतं आणि न वापरता उन्हानं कडक होतं; पुण्याच्या पार्किंगमध्ये हा टायर नुसता उभा राहून म्हातारा झाला होता. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत चालेल अशी हमी, पण ती तरुणपणीची. आणि हा पोरगा स्टेज वन करून येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढणार होता, जिथं सिमेंटचा सरळसोट रस्ता, 120 ची मर्यादा आणि मे महिन्यात पायाखाली तवा.

आबाजींचा दुसरा प्रश्न होता, थांबते का. पटाच्या जोडीला पळवणं हे अर्धं काम. शेवटाला गर्दी असते, तिथे तिला आवरणारा धुरकरी खरा. गाडीचं गणित आणखी कडक आहे. वेग 60 चा 120 केला तर ब्रेकनं जिरवायची ऊर्जा चौपट होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 चं नवं ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 155 लाच उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल ओल्या पायपुसण्यासारखं आत जातं. हे ऑइल दोन वर्षांत बदलायचं असतं. पहिल्या मालकानं ते बदललं असेल याची खात्री कोणालाच नव्हती, कारण त्यानं सर्व्हिसच्या वहीत फक्त गाडी धुतल्याच्या नोंदी ठेवल्या होत्या.

इथवर आबाजी मला मोठे इंजिनिअर वाटू लागले होते. पण मग त्यांना चेव आला. म्हणाले, छकडा हलका पाहिजे. मागची सीट काढा, स्टेपनी काढा, एसी कायले पायजे? लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन जन्मभर हेच करत आला, वजन काढ, वजन काढ. फरक इतकाच की त्याच्या गाडीत मागे बसायला बहीण आणि मावशी नव्हत्या. मागची सीट काढायचा ठराव त्या दोघींनी जागेवर फेटाळला. एसीबद्दल मी बोललो. स्टेपनीबद्दल समृद्धीवर एकदा टायर फुटलेले भाऊजी बोलले.

तेव्हा आबाजींनी भाच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पोटापाशी थांबले. “मंग धुरकरी बारीक कर.”

यात खोट काढायला जागा नव्हती. गाडी साधारण 1,100 किलोची, घोडे 110. एका घोड्याच्या वाट्याला दहा किलो. पोरगा नव्वदीच्या पलीकडे. त्यानं दहा किलो उतरवले तर एक घोडा फुकट मोकळा होतो, कलम 52 लागत नाही, आरटीओत जावं लागत नाही, आणि वॉरंटीचा प्रश्न येत नाही. पण या मॉडिफिकेशनला रोज सकाळी उठावं लागतं. भाचा म्हणाला, “आधी टायर करू.”

जाता-जाता आबाजींनी एक गोष्ट सांगितली. जमनालाल बजाजांच्या काळात वर्ध्यात एका जुन्या फोर्डला बैल जुंपून ती चालवत आणि आश्रमातली मंडळी तिला गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी आठवण इथे सांगतात. म्हणजे वर्ध्यातलं पहिलंवहिलं इंजिन स्वॅप. पुढे त्याच घराण्यानं देशभर स्कूटर विकल्या, त्या बैलाविना. आबाजींना ही घसरण वाटते.

तर आम्ही टायरच्या दुकानात गेलो. दुकानासमोर एक बंडी जॅकवर तिरकी उभी होती. चाकाची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे सोडत होती. आमच्याकडे लाकडी चाकाची बंडी आता पोळ्याला फोटोपुरती दिसते, बाकी सगळ्या टायरवर आहेत. सोडलेली जोडी कडुनिंबाखाली कडबा चघळत उभी, आणि धोतरातला मालक काखेत कासरा धरून आमच्या लाल गाडीकडे पाहत होता. त्यानं आत डोकावून पाहिलं नाही, रंगाचं कौतुक केलं नाही. दुकानातल्या पोरानं आमचं पहिलं चाक उतरवलं तसा तो जवळ आला, टायर हातानं उचलून पाहिला, नक्षीवरून अंगठा फिरवला.

“कितीले देता? माह्या रिमा सोळाच्याच हायेत.”

टायर बदलायला मशीनवर पोरगा एकटाच, म्हणून वेळ होता. मला सौदा ऐकायचा होता, पण भाच्याच्यानं राहवेना. त्याला वाटलं, माणसाला आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे. तो उकिडवा बसला, टायरच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली आणि ते व्ही अक्षर दाखवून समजावू लागला, “काका, हे साधं टायर नोहे. हे दोनशे चाळीसच्या स्पीडचं हाये. ताशी दोनशे चाळीस किलोमीटर.”

काकांनी एकदा टायरकडे पाहिलं, मग कडुनिंबाखाली.

“हळू बोला भाऊ,” ते म्हणाले, “बैलं ऐकतीन.”